ईसीजी नॉर्मल, त्रास मात्र खरा

गेल्या अंकात एक आवाहन केलं होतं. हृदयाचा किंवा कान-नाक-घशाचा जरा वेगळा, पटकन नाव न सापडणारा आजार ज्यांना झाला आणि त्यासाठी तज्ज्ञांकडे खेटे घालावे लागले, त्यांनी आपला अनुभव आणि प्रश्न दोन्ही कळवावेत. पत्रं भरपूर आली. कर्वेनगरपासून भोरपर्यंतची आहेत, आणि 'रिपोर्ट नॉर्मल आले' हे वाक्य बहुतेकांत आहे. कुणीही ते आनंदानं लिहिलेलं नाही.

नारायण पेठेत दवाखाना होता तेव्हा हे वाक्य मी रोज ऐकत असे. पेशंट फाईल टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मग मला होतंय ते काय?" अगदी रास्त प्रश्न. तपासणी ज्या घटकेला होते त्या घटकेचं सांगते. धडधड, भोवळ, कानातला आवाज ही मंडळी आपल्या सवडीनं येतात आणि बहुधा ओपीडीच्या वेळेत येत नाहीत. आज मी फिरून फिरून याच मुद्द्यावर येणार आहे, तेवढं सहन करा.

नावं छापत नाही. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत.

"डॉक्टर, मी छत्तीस वर्षांची. शाळेत शिकवते आणि गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकात असते. कॉलेजपासून मला मधूनच धडधड सुरू होते. एका क्षणी काही नसतं, दुसऱ्या क्षणी गळ्यात ठोके पडायला लागतात. मानेवर ते दिसतात असं आई म्हणते. थांबते तीही तशीच, एकदम. नंतर तासभर सारखी लघवीला जावं लागतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी 'लग्न झालं की थांबेल' सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्यांनी 'सासरी काही टेन्शन आहे का' विचारलं आणि मन शांत राहायची गोळी दिली. या श्रावणात नदीपात्रात सराव चालू असताना सुरू झालं ते थांबेचना. पथकातल्या मुलांनी स्कूटरवर मधे बसवून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. ठोके १९० होते. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी 'आता काही सेकंद फार वाईट वाटेल' असं सांगून इंजेक्शन दिलं. खरंच, मी गेले असं वाटलं. मग एकदम शांत. आता ईपी स्टडी आणि ॲब्लेशन सुचवलंय. हृदयात काहीतरी जाळतात म्हणे. सासूबाई म्हणतात, गोळ्यांवर भागत असेल तर कशाला? शुद्धीवर असताना करतात का? ते इंजेक्शन परत देतील का? आणि माझा ढोल?" (कर्वेनगर)

आधी त्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांचे आभार माना. इंजेक्शनसाठी नव्हे, तर ते देण्याआधी ईसीजी काढून ठेवला म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमची धडधड कागदावर आली. ती पट्टी सोन्यासारखी जपा. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका! ईसीजीचा कागद उष्णतेनं काळा पडणारा असतो. लॅमिनेशनच्या मशिनमधून तो पूर्ण काळा होऊन बाहेर येतो, आणि नुसता कपाटात ठेवला तरी काही वर्षांत अक्षरं उडतात. मोबाइलवर नीट फोटो काढा, झेरॉक्स काढा, मूळ कागद फाईलमध्ये ठेवा. काळ्या झालेल्या पट्ट्या घेऊन आलेले पेशंट मी पाहिलेत. चेहरा बघवत नाही त्यांचा.

तुम्ही लिहिलेल्या खुणा अगदी पुस्तकी आहेत: एकदम सुरू, एकदम बंद, मानेत दिसणारे ठोके, नंतरची लघवी. याला एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी जलद धडधड, म्हणतात, आणि त्यातला तुमच्या वयाच्या बायकांमध्ये जास्त दिसणारा प्रकार हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या गाठीपाशी होतो (ही रोगाची गाठ नव्हे, प्रत्येकाच्या हृदयात असणारी विजेची चौकी). तिथून विजेचा संदेश खाली जायला साधारण एक वाट असते. काही माणसांत जन्मतःच दोन असतात, एक जलद आणि एक संथ. एखादा अवेळी आलेला ठोका संथ वाटेनं खाली उतरतो, जलद वाटेनं परत वर चढतो आणि तिथेच गरगर फिरत राहतो. लघवीचं कारणही सांगते. वरचे कप्पे ताणले गेले की त्यातून एक संप्रेरक सुटतं, ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला लावतं. 'टेन्शन' म्हणणाऱ्या कुणी त्या लघवीबद्दल विचारलं असतं तर बरीच वर्षं वाचली असती. या आजाराच्या पेशंटवर, विशेषतः बायकांवर, घाबरटपणाचा शिक्का बसतो ही जगभरची तक्रार आहे. वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर लेख छापून आलेले आहेत. सासरच्या टेन्शनचा प्रश्न हा आपला खास देशी हातभार.

आता इंजेक्शन. त्याचं नाव ॲडेनोसिन. आधी ६ मिलिग्रॅम, नाही थांबलं तर १२. शिरेत झटकन देतात आणि मागोमाग सलाईनचा जोराचा फवारा, कारण औषध रक्तात दहा सेकंदसुद्धा धड टिकत नाही. तेवढ्यात ते त्या गाठीतला संदेश पूर्ण अडवतं. मॉनिटरवर काही क्षण सरळ रेघ दिसते. छाती आवळते, चेहरा तापतो आणि आता संपलं असं वाटतं. हे सगळ्यांना वाटतं, तुम्ही भित्र्या नाही. डॉक्टरांनी आधी सांगितलं हे फार चांगलं केलं. न सांगता टोचलेल्या एका काकांनी पुढे कित्येक महिने हॉस्पिटलच्या रस्त्यानं जायचंच टाळलं होतं. दमा असेल तर मात्र ते इंजेक्शन देण्याआधी आवर्जून सांगा.

दर वेळी इंजेक्शनच लागेल असं नाही. पाठीला टेकून अर्धवट बसायचं, १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडातून दट्ट्या हलेल इतक्या जोरानं १५ सेकंद फुंकायचं, आणि लगेच दुसऱ्या कुणी आपल्याला आडवं करून दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरायचे. इंग्लंडमध्ये २०१५ साली यावर मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. नुसतं कुंथून १७ टक्के लोकांची धडधड थांबली, पाय वर धरल्यावर ४३ टक्के. औषध नाही, पैसा नाही. पण हे आधी तुमच्या डॉक्टरांसमोर एकदा करून बघा. घरात नवऱ्याला शिकवा आणि पथकातल्या एखाद्या दणकट मुलालाही.

ईपी स्टडी (तारांनी हृदयातल्या विजेच्या वाटा तपासणं) आणि ॲब्लेशन यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पेशंट घाबरतात ते न सांगितलेल्या गोष्टींना. ठोके आवरायच्या गोळ्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात. स्वतःच्या मनानं बंद करू नका, कधीपासून ते विचारा. आदल्या दिवशी किंवा सकाळी दोन्ही जांघांचे केस काढतात, याची लाज वाटते असं कुणी बोलून दाखवत नाही, पण वाटते. बाई कर्मचारी हवी असं स्पष्ट सांगता येतं. कॅथलॅब, म्हणजे जिथे हे करतात ती खोली, थंडगार असते, मोजे विचारून घाला. टेबल अरुंद, पाठ अवघडते. आत जाण्याआधी लघवीला जाऊन या, कारण नंतर काही तास हलता येणार नाही. जांघेत बधिर करणारं इंजेक्शन, मग शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत. तारा आत सरकताना कळत नाही. तुम्ही बहुतेक जाग्याच असाल, हलकी गुंगी देतात.

मग येतो सगळ्यांना न पटणारा भाग. ते तुमची धडधड मुद्दाम सुरू करतात. येत नसेल तर हृदयाला पळवणारं औषध देतात. त्या वेळी "हीच का तुमची धडधड?" असं विचारतील. नीट सांगा, कारण ओळखायची ती तुम्हालाच आहे. पण इथे एक मोठा फरक आहे: ती सुरू करणाऱ्याच्या हातात ती थांबवायचं साधनही असतं. तारेतून एक-दोन ठोके दिले की थांबते, इंजेक्शनची गरज सहसा पडत नाही. संथ वाट सापडली की तारेच्या टोकाला उष्णता देऊन तेवढाच बारीकसा ठिपका निकामी करतात. तेव्हा छातीत किंचित जळजळ होऊ शकते. 'हृदय जाळतात' म्हणजे एवढंच. या प्रकारात यशाचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे. खरी जोखीम एकच लक्षात ठेवा: शेजारची चांगली वाट दुखावली तर पेसमेकर लागू शकतो. हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ज्यांच्याकडून करून घेणार त्यांना, "तुमच्या हातून असं किती जणांना झालं?" असं विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. सगळे हृदयरोगतज्ज्ञ हे काम करत नाहीत, ईपी शिकलेलाच हवा.

सासूबाईंचं पूर्ण चुकीचं नाही. या आजारानं सहसा जीव जात नाही, आणि वर्षातून एकदा येणारी धडधड गोळ्यांवर किंवा सिरिंजवर निभावता येते. पण तुमची धडधड आता थांबेनाशी झाली आहे, आणि आणखी कित्येक वर्षं रोज गोळी खाण्यापेक्षा मी तुमच्या जागी असते तर करून घेतलं असतं. ढोलाचं म्हणाल तर जांघेची जखम भरेपर्यंत वजन उचलायचं नाही, एवढंच. पुढच्या मिरवणुकीचं तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. मला विचाराल तर कंबरेला ढोल बांधायला माझी हरकत नाही, कानात बोळे घातले तर.

"मी बँकेतून निवृत्त झालो. गेली दोन वर्षं मला माझ्या उजव्या कानात स्वतःच्या नाडीचा आवाज येतो. तो सहन करतो. पण सांगायला संकोच वाटतो ते असं की मला माझे डोळे फिरल्याचा आवाज येतो. पेपर वाचताना प्रत्येक ओळीला 'खर्र' असा. चालताना टाच जमिनीवर पडली की डोक्यात घुमते. स्वतःचं बोलणं पिंपात बोलल्यासारखं. शिंकलो की खोली हलते. हिनं आधी हसण्यावारी नेलं, आता मुलगा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं म्हणतोय. एका कान-नाक-घसातज्ज्ञांनी मळ काढला. दुसऱ्यांनी ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) बघून कानातलं हाड घट्ट झालंय, ऑपरेशन करू म्हटलं. करावं का?" (सहकारनगर)

थांबा. ऑपरेशनला होकार देऊ नका, अजून तरी. आणि मुलाला हे पान वाचायला द्या.

डोळे फिरल्याचा आवाज ऐकू येणारी माणसं वेडी नसतात. त्यांचं म्हणणं खरं निघाल्याला बरीच वर्षं झाली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये अशा पेशंटचं वर्णन केलं. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यातल्या सगळ्यात वरच्या नळीवरचं हाड काही जणांत पातळ असतं किंवा तिथे चक्क भोक असतं. मग शरीराच्या आतले आवाज त्या वाटेनं थेट कानात शिरतात: नाडी, टाच, डोळ्यांचे स्नायू, स्वतःचा आवाज. आणि शिंकल्यावर, कुंथल्यावर किंवा मोठ्या आवाजानं तोल जातो, कारण दाब नको त्या नळीत पोचतो.

घोटाळा होतो तो ऑडिओग्राममध्ये. या आजारात जाड आवाजांच्या पट्टीत हवेतून ऐकणं कमी आणि हाडातून ऐकणं चांगलं दिसतं, कधी तर नॉर्मलपेक्षाही चांगलं. हुबेहूब तोच आलेख कानातलं रिकिबीचं हाड घट्ट झाल्यावर येतो. म्हणून अशा काहींची त्या हाडाची ऑपरेशनं होऊन गेली आहेत आणि त्यांना काडीचा फायदा झालेला नाही. दोन्हींत फरक करायचा तर कानाचा रिफ्लेक्स, म्हणजे मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आपोआप आवळतो तो, तपासतात. हाड घट्ट असेल तर तो जातो, तुमच्या संशयित आजारात राहतो. पाच मिनिटांची तपासणी आहे. ऑडिओग्रामच्या कागदावर तिची नोंद आहे का बघा. नसेल तर तीच आधी मागा.

एक गोष्ट घरीच करून बघण्यासारखी आहे, पण तिला निदान समजू नका. ट्यूनिंग फोर्क (आपटल्यावर घुमणारा धातूचा चिमटा) कंप पावत असताना घोट्याच्या हाडावर ठेवला तर अशा काही पेशंटना तो दुखऱ्या कानात ऐकू येतो. घोट्यावरचा आवाज कानात! मी एकदा एका आजोबांवर हे केलं होतं. ते पाय बघत होते, मग माझ्याकडे बघत होते, आणि शेवटी म्हणाले, "हे माझ्या बायकोसमोर परत करा." त्यांना फोर्क नको होता, साक्षीदार हवा होता.

पुढच्या तपासण्या दोन. कानाच्या हाडाचा एचआरसीटी, म्हणजे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, एक मिलिमीटरहून पातळ कापांचा आणि त्या नळीच्या रेषेत फिरवून बघितलेला. साध्या सीटीत भोक नसतानाही भोक दिसू शकतं, म्हणून नुसत्या सीटीवर कुणी उडी मारत असेल तर सावध राहा. दुसरी व्हेम्प नावाची तपासणी, त्यात आवाज देऊन मानेच्या किंवा डोळ्याखालच्या स्नायूचा प्रतिसाद मोजतात. ती सगळीकडे होत नाही. चक्कर आणि तोल यांचं वेगळं क्लिनिक जिथे आहे तिथे विचारा.

निदान पक्कं झालं तरी ऑपरेशन करायलाच हवं असं नाही. कशामुळे होतंय हे कळल्यावर अर्धे लोक त्या आवाजासह मजेत जगतात, हे मी आकडेवारीनं नाही, पाहण्यावरून सांगते. तोल फार जात असेल तर ती नळी बुजवतात, डोक्याच्या बाजूनं किंवा कानामागून. नंतर काही आठवडे चालताना झोकांड्या जातात, व्यायाम करावे लागतात, आणि ऐकू येणं कमी होण्याची थोडी जोखीम असते.

नाडीच्या आवाजाबद्दल एक पुरवणी, तुमच्यासाठी आणि बाकीच्यांसाठीही. कानातला आवाज मनगटाच्या नाडीबरोबर पडत असेल, तेही एकाच कानात, तर 'सवय होईल' हे उत्तर स्वीकारू नका. पंडुरोग, थायरॉइड, मेंदूतला वाढलेला दाब, कानामागच्या रक्तवाहिनीची अडचण, लहान गाठ अशी कारणं असतात, आणि बरीचशी दुरुस्त होतात.

"आम्ही भोर तालुक्यातले. माझा धाकटा चार वर्षांचा, जन्मापासून ऐकत नाही. पुण्यात ऑपरेशन करून ऐकण्याचं मशीन बसवायचं ठरलं, सगळं झालं, आणि शेवटी ईसीजी काढा म्हणाले. कानाच्या ऑपरेशनला छातीची पट्टी कशाला? उगाच खर्च वाढवतात का? मोठी मुलगी पण ऐकत नाही. ती खेळताना दोनदा पडली, पांढरी फटक झाली. फिट म्हणून गोळी चालू आहे. माझं लग्न मामाच्या मुलाशी झालंय, त्यामुळे झालं का?" (भोर तालुका)

हे पत्र वाचल्या वाचल्या मी ताईंना फोन केला. अंक छापून येईपर्यंत थांबण्यातलं हे नव्हतं. इथे छापते ते इतर पालकांसाठी.

त्या ईसीजीचा खर्च किरकोळ आहे आणि तो मागणारा डॉक्टर हुशार आहे. जन्मजात बहिरेपणा आणि हृदयाच्या ठोक्याचा एक दोष क्वचित एकत्र येतात. जर्व्हेल आणि लँग-नील्सन या दोन डॉक्टरांनी १९५७ मध्ये नॉर्वेतल्या एका कुटुंबात तो पहिल्यांदा नोंदवला, म्हणून त्याला त्यांचं नाव. पोटॅशियम पेशीच्या आत-बाहेर सोडणारं एकच दार आतल्या कानातही असतं आणि हृदयातही. ते बिघडलं की कानाला ऐकू येत नाही, आणि हृदय प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ घेतं. ईसीजीवर हा वेळ क्यूटी म्हणून मोजतात. अशा मुलाला धावताना, पोहताना, दचकल्यावर किंवा भुलीत ठोका बिघडून शुद्ध हरपू शकते. बघणाऱ्याला ती फिटच वाटते. मुलगी आधी पांढरी पडून लुळी होते आणि मिनिटाभरात सावरते, तर फिट मानण्याआधी ईसीजी हवाच.

या सदरात मी एरवी त्रास होत असतानाच पकडाव्या लागणाऱ्या आजारांबद्दल बोलते, पण हा दोष मुलगी ठणठणीत असतानाही साध्या ईसीजीत दिसू शकतो. कुणीतरी काढायला मात्र हवा.

निदान झालं तर घाबरून जायचं कारण नाही. प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी नियमित, एकही दिवस न चुकवता. नदी-विहिरीत पोहणं बंद. काही साध्या औषधांनी क्यूटी आणखी लांबतो, त्यात सर्दी-खोकल्याला सर्रास मिळणारं ॲझिथ्रोमायसिन आहे आणि उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉनही. त्यांची यादी हृदयरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि गावातल्या डॉक्टरांना दाखवा. मशीन बसतं, फक्त भूलतज्ज्ञाला आधी माहीत हवं.

मामाच्या मुलाशी लग्न केल्यामुळे दोष तयार होत नाही. आई-वडील दोघांकडे तो दडलेला असेल तरच मुलात उतरतो, आणि नात्यात लग्न झालं की दोघांकडे तोच असण्याची शक्यता वाढते. बहिरेपणाची कारणंही अनेक आहेत, बहुतेक बहिऱ्या मुलांचं हृदय अगदी उत्तम असतं. ताई, हा तुमचा अपराध नाही. सासरच्या कुणी तो तुमच्या पदरात टाकला तर हे पान दाखवा. दोष दोघांकडून येतो, निम्मा त्यांच्या मुलाकडून.

"माझ्या पत्नीचा आवाज पाच महिने बसलाय. वाफ, गुळण्या, हळद-दूध, दोन कोर्स अँटिबायोटिक. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून डावी स्वरतंतू हलत नाही म्हणाले आणि छातीचा सीटी आणि इको करायला लावला. आता म्हणतात हृदयाची झडप अरुंद आहे, फुगा घालून उघडायची. ती जिने चढताना दमते खरी, पण आम्ही आलो होतो घशासाठी!" (हडपसर)

डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मोठा वळसा घेते. मानेतून छातीत उतरते, महारोहिणीच्या कमानीखालून वळते आणि परत वर घशात येते. लहानपणच्या सांधेतापामुळे डावीकडची झडप अरुंद झाली की तिच्यामागचा कप्पा फुगतो, तो फुप्फुसाच्या रोहिणीला वर ढकलतो, आणि त्या चेपाचेपीत नस सापडते. व्हिएन्नाच्या ऑर्टनर यांनी हे १८९७ मध्ये लिहून ठेवलंय. बी. जे. मेडिकलमध्ये शिकताना आम्हाला परीक्षेत याची एक ओळ यायची, आणि आम्ही ती न समजता पाठ करायचो.

तुमच्या घशाच्या डॉक्टरांनी छाती बघायला लावली हे उत्तम झालं, कारण त्याच वळशावर क्षयाच्या गाठी किंवा फुप्फुसाचा कर्करोगही नस दाबू शकतो. ते नाही हे सीटीनं पाहिलंच असेल, तरी विचारून खात्री करा.

फुग्यानं झडप उघडणं हे जपानच्या डॉ. इनोउए यांच्या फुग्यानं १९८० च्या दशकापासून होतं. जांघेतून जातात, छाती उघडत नाहीत. त्याआधी कप्प्यात रक्ताची गुठळी नाही ना हे बघायला घशातून एक नळी गिळायला लावतील, ती पत्नीला सगळ्यात त्रासाची वाटेल. फवारा मारून घसा बधिर करतात. दीर्घ श्वास घेत राहायला सांगा. दम बहुतेक लगेच कमी होतो. आवाजाचं मात्र वचन कुणी देऊ नये. नस फार दिवस दबलेली नसेल तर काही महिन्यांत सुधारतो. नाही सुधारला तर स्वरतंतू मध्यावर सरकवायचं छोटं ऑपरेशन घशाचे डॉक्टर करतात. आणि दर २१ दिवसांनी पेनिड्युरचं (सांधेताप पुन्हा येऊ नये म्हणून द्यायचं पेनिसिलिन) इंजेक्शन सांगितलं असेल तर फुगा घातल्यावरही ते स्वतःहून थांबवायचं नाही. दुखतं, कबूल. दाट औषध आहे, जाड सुईनं हळू द्यायला सांगा.

खर्चाचं तुम्ही शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय. ते मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. महात्मा फुले योजनेत बसतं का ते दाखल होण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते, बिल झाल्यावर काही होत नाही. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. समाजसेवा विभागाच्या टेबलापाशी जा, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या. बिलिंगच्या खिडकीवर हे कुणी आपण होऊन सांगणार नाही.

"विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीजवळ उभा होतो. दुसऱ्या दिवशी उठलो तर डावा कान बंद. मेडिकलवाल्यानं थेंब दिले. दहा दिवस झाले. अजून किती दिवस थेंब घालू?" (बिबवेवाडी)

एकही दिवस नाही. आज, हे वाचलं त्याच दिवशी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि 'अचानक ऐकू येईनासं झालं' हे शब्द वापरा, म्हणजे तुम्हाला रांगेत मागे ठेवणार नाहीत. तोंड मिटून 'म्म्म' असा आवाज काढा. तो बंद कानात मोठा ऐकू आला तर मळ किंवा द्रव असू शकतो, चांगल्या कानाकडे गेला तर नस दुखावल्याची शंका. दुसऱ्या प्रकारात स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेलं बरं. उशीर झाला तरी पडद्यातून आत इंजेक्शन देऊन साधारण सहा आठवड्यांपर्यंत प्रयत्न करतात. म्म्मचा निकाल काहीही येवो, जायचं आहेच.

"झोपताना कूस बदलली की घर फिरतं. डॉक्टरांकडे गेलं की काहीच होत नाही, ते मानेचा पट्टा देतात. त्यांना कसं पटवू?" (कसबा पेठ)

मोबाइलनं. फिरायला लागलं की घरातल्या कुणाला तरी दिवा लावून तुमच्या दोन्ही डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढायला सांगा. डोळे उघडे ठेवा, कितीही मिटावेसे वाटले तरी. डोळे कोणत्या दिशेला झटके देतात आणि किती सेकंद देतात, यावरून कानातले कण कुठल्या नळीत अडकलेत ते तज्ज्ञ ओळखतो, आणि डोकं ठरावीक क्रमानं फिरवून ते बाहेर काढतो. बऱ्याच जणांचं एका भेटीत भागतं. कोणत्या कुशीवर वळलात तेही व्हिडिओतच मोठ्यानं बोला, नंतर आठवत नाही. आणि फोन आडवा धरायला सांगा, नाहीतर एकच डोळा येतो.